स्टेंटच्या आत पुन्हा वाढ का होते? धमनीतल्या स्नायूपेशींबद्दल

निशिगंधा

बाबांची अँजिओप्लास्टी होऊन आठ महिने झाले होते. जिना चढताना पुन्हा छाती दाटून यायला लागली म्हणून तपासणी केली, तर जिथे स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) बसवला होता नेमकी तीच जागा अरुंद झालेली. मी डॉक्टरांना विचारलं, परत चरबी साठली का? ते म्हणाले, "चरबी नव्हे, त्यांच्याच धमनीची वाढ आहे. जखम भरली, पण गरजेपेक्षा जास्त भरली."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. जखम कसली? भरली कोणी? आणि कुठे थांबायचं हे त्याला कळलं कसं नाही?

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. पट्टकी, अपट्टकी आणि हृदयस्नायू असे स्नायूंचे तीन प्रकार मी कितीतरी वर्षं शिकवले. अपट्टकी स्नायू जठरात, आतड्यात, रक्तवाहिन्यांत असतात आणि आपल्या इच्छेवर चालत नाहीत, एवढं सांगून पुढच्या धड्याकडे वळायचं. त्या एका ओळीत किती काय दडलंय हे आता वाचताना कळतंय. जे समजलं ते मांडते, जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात. डॉक्टर मंडळी 'स्मूथ मसल' म्हणतात, मी नुसतं स्नायूपेशी म्हणेन.

धमनीच्या भिंतीला तीन थर. सर्वांत आत, रक्ताला लागून, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर. मध्ये स्नायूंचा थर. बाहेरून आधार देणाऱ्या तंतूंचं वेष्टण. मधल्या थरातल्या पेशी चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. त्या धमनीभोवती गोल वेढे घेऊन बसतात आणि त्यांच्या थरांमध्ये इलॅस्टिनचे लवचीक पापुद्रे असतात. काम एकच: आखडणं आणि सैलावणं. त्यावर रक्तदाब आणि कुठल्या अवयवाला किती रक्त जाणार हे ठरतं. निरोगी प्रौढ माणसात या पेशी क्वचितच विभागतात.

अँजिओप्लास्टीत फुगा फुगवून धमनी रुंद करतात तेव्हा अस्तर खरवडलं जातं, मधला थर ताणला जातो, कुठेकुठे चिरतोही. त्यानंतर काय होतं हे प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या मानेतल्या धमनीवर फार बारकाईने पाहिलं गेलंय. अलेक्झांडर क्लाउज आणि मायकेल रीडी यांचं १९८३ चं काम यात पायाभूत मानतात. फुग्याने अस्तर काढलं की काही मिनिटांत उघड्या जागेवर प्लेटलेट चिकटतात. साधारण एका दिवसाने मधल्या थरातल्या पेशी डीएनएची प्रत काढायला लागतात. चौथ्या दिवसाच्या सुमारास पहिल्या पेशी आतल्या लवचीक पापुद्र्याच्या फटींतून सरकत आतल्या बाजूला येतात. जिथे एरवी स्नायूपेशी नसतातच, तिथे येऊन त्या विभागत राहतात. दोन आठवड्यांत पेशींची संख्या जवळपास कळसाला पोचते. मात्र थर त्यानंतरही कित्येक आठवडे जाड होत जातो, कारण पेशी आपल्याभोवती कोलॅजन आणि इतर द्रव्यं ओतत राहतात. म्हणजे बाबांच्या स्टेंटमध्ये जी 'वाढ' दिसली त्यात पेशी किती आणि पेशींनी विणलेलं जाळं किती, हा वेगळाच प्रश्न.

माझे दोन प्रश्न आहेत. आयुष्यभर आखडायचं काम करणारी पेशी एकाएकी चालू कशी लागते? आणि एवढा त्रास देत असेल तर तिला मारूनच का टाकत नाहीत?

कुतूहल_७

फार छान लिहिलंय. माझा एक प्रश्न जोडतो. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला हृदयस्नायू परत येत नाही असं ऐकलंय. मग धमनीतल्या स्नायूला विभागणं कसं जमतं?

सूक्ष्मदर्शी

पेशीसंवर्धन हे माझं रोजचं काम आहे, म्हणून पहिल्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो.

हृदयस्नायूची पेशी एकदा तयार झाली की परतीची वाट जवळजवळ बंद होते. धमनीतली स्नायूपेशी ती वाट कधीच पूर्ण बंद करत नाही. धमनीचा तुकडा घेऊन, विकरांनी पेशी सुट्या करून बशीत ठेवा. पहिले काही दिवस त्या लांबुळक्या दिसतात, योग्य औषध टाकलं तर आखडतातही. आठवड्याभरात त्या पसरट होतात, विभागायला लागतात आणि आखडणं विसरतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फरक ठळक दिसतो. आधी पेशी ॲक्टिन-मायोसिनच्या तंतूंनी गच्च भरलेली असते. नंतर ते तंतू विरळ होतात आणि तिथे प्रथिनं बनवणारी यंत्रणा, म्हणजे खडबडीत आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी, पसरते. ज्युली चॅमली-कॅम्पबेल, गॉर्डन कॅम्पबेल आणि रसेल रॉस यांनी १९७९ मध्ये यावर जो मोठा आढावा लिहिला, त्यानंतर 'आकुंचनशील' आणि 'संश्लेषक' ही दोन रूपं सगळ्यांच्या तोंडी बसली.

जनुकांच्या पातळीवर पाहिलं तर आखडण्याची प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपाशी एसआरएफ नावाचं प्रथिन बसलेलं असतं. त्याला मायोकार्डिन हा जोडीदार मिळाला की ती जनुकं जोरात चालतात. एरिक ओल्सन यांच्या प्रयोगशाळेने २००१ मध्ये मायोकार्डिन शोधलं. इजा झाल्यावर केएलएफ-४ नावाचं दुसरं प्रथिन वर येतं आणि ही जोडी मोडून काढतं. हे तेच केएलएफ-४, जे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये साध्या पेशीला मूलपेशीसारखं बनवायला वापरलेल्या चार घटकांपैकी एक आहे. स्नायूपेशी मूलपेशी होते असा याचा अर्थ नाही. पण रूप बदलायची जी कळ यामानाकांनी बाहेरून दाबली, त्यातली एक इथे धमनी स्वतःच दाबते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर होतो.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रूप बदललं तरी पेशी आपलं मूळ पूर्ण पुसत नाही. आखडण्याची जनुकं बंद असतात, पण त्यांच्याभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांवरची एक रासायनिक खूण टिकून राहते. म्हणूनच कल बदलला तर ती परत आकुंचनशील रूपाकडे जाऊ शकते. खरं तर 'दोन रूपं' हे बोलण्याच्या सोयीचं झालं. मधल्या कितीतरी छटा असतात.

मुक्तछंद

पण कळ दाबतं कोण? पेशीला कळतं कसं की जखम झालीय?

सूक्ष्मदर्शी

एक कोणी नाही, बरेच जण मिळून. यातली पहिली मोठी पायरी मला अजूनही शिकवायला आवडते, कारण प्रयोग इतका साधा आहे. बशीतल्या पेशींना खाऊ म्हणून रक्तरस, म्हणजे सीरम देतात. सीरम म्हणजे रक्त गोठू दिल्यावर वर उरणारा द्रव. रसेल रॉस आणि जॉन ग्लोमसेट यांच्या गटाने १९७४ मध्ये दाखवलं की गोठलेल्या रक्ताचा रस दिला तर स्नायूपेशी जोमाने वाढतात, पण रक्त गोठू न देता पेशी वेगळ्या काढून मिळवलेला प्लाझ्मा दिला तर जवळजवळ वाढत नाहीत. फरक प्लेटलेटचा. गोठताना प्लेटलेट आपल्या पिशव्या फोडतात आणि त्यातून वाढीचा घटक बाहेर पडतो. तोच पीडीजीएफ. त्याच सुमारास या दोघांनी 'इजेला दिलेला प्रतिसाद म्हणजे धमनीकाठिण्य' ही मांडणी केली.

दुसरा संकेत त्याहून थेट आहे. एफजीएफ-२ नावाच्या घटकाला पेशीबाहेर पडायचा नेहमीचा परवानाच नसतो. तो पेशीतच राहतो. पेशी चिरली की सांडतो. म्हणजे शेजारी फुटला हीच शेजाऱ्याला मिळालेली बातमी. रीडी यांच्या गटाने १९९१ मध्ये उंदरांना याच्याविरुद्ध प्रतिपिंडं दिली, तर मधल्या थरातली पहिली विभागणी बरीच घटली. मात्र पेशींचं आत सरकणं मुख्यतः पीडीजीएफवर चालतं.

आणि संकेत मिळणं जितकं महत्त्वाचं, तितकंच लगाम सुटणं. निरोगी अस्तर सतत नायट्रिक ऑक्साइड, प्रोस्टासायक्लिन आणि हेपॅरिनसारखी द्रव्यं देत असतं. त्यांनी स्नायू सैल राहतो आणि विभागणीही दबून राहते. शिवाय प्रत्येक पेशीभोवती लॅमिनिनचं पातळ आवरण असतं, तेही तिला शांत ठेवतं. फुग्याने अस्तर गेलं, विकरांनी आवरण कापलं, की दोन्ही लगाम एकदम सुटतात. निशिगंधा, तुमच्या 'कुठे थांबायचं हे कळलं कसं नाही' याचं बरंचसं उत्तर इथे आहे. थांब म्हणणारं अस्तर होतं. ते परत येईपर्यंत सांगणारंच कोणी नाही.

कॅथलॅबकर

कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागात, तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. पेशींचं एवढं मला ठाऊक नव्हतं, पण त्यांचे परिणाम पडद्यावर रोज बघतो.

मूळ लेखात एक दुरुस्ती. नुसत्या फुग्याच्या काळात पुन्हा अरुंद होण्याचं सगळं खापर स्नायूपेशींच्या वाढीवर फोडणं बरोबर नाही. आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये १६ सप्टेंबर १९७७ ला पहिली कॉरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीची, अँजिओप्लास्टी केली. त्यानंतरच्या वर्षांत साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांत सहा महिन्यांच्या आत जागा पुन्हा अरुंद व्हायची. १९९० च्या दशकात धमनीच्या आतून अल्ट्रासाउंड करून पाहिलं तेव्हा कळलं की त्यातला बराच भाग म्हणजे सबंध धमनीच आक्रसलेली असते, जखमेचा व्रण आवळून यावा तशी. आतली वाढ त्याच्या जोडीला.

जाळीचा स्टेंट आला (झाक प्युएल, तुलूझ, मार्च १९८६) आणि आक्रसणं संपलं, कारण धातू आवळू देत नाही. पण जाळीचा प्रत्येक तार भिंतीत रुतून बसतो. म्हणजे इजा कायमची. त्यामुळे आतली वाढ उलट जास्त झाली. हिशेब जमेला राहिला, कारण वाहिनी मुळात जास्त रुंद उघडायची, पण २० ते ३० टक्के लोकांत अडथळा परत यायचाच. मधुमेह असेल, वाहिनी बारीक असेल, स्टेंट लांब असेल तर जास्त. ज्या वाढीबद्दल तुमचे डॉक्टर बोलले ती हीच, शुद्ध स्वरूपातली.

मग औषधाचा लेप असलेला स्टेंट. सिरोलिमस हे औषध मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. ती माती १९६४ साली निघालेल्या मोहिमेने ईस्टर बेटावरून आणली होती. तिथले लोक बेटाला रापा नुई म्हणतात, म्हणून औषधाचं दुसरं नाव रापामायसिन. सुरेन सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ते बुरशीविरोधी म्हणून जगापुढे आणलं. पुढे ते मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरलं गेलं, कारण ते पेशींची विभागणी सुरू होण्याआधीच्या टप्प्यावर अडवतं. साओ पावलोत एदुआर्दो सौझा यांनी १९९९ च्या डिसेंबरात या औषधाचा स्टेंट पहिल्यांदा माणसात बसवला. २००२ मध्ये रॅव्हेल चाचणीचे आकडे आले: २३८ रुग्ण, सहा महिन्यांनी साध्या स्टेंटमध्ये २६.६ टक्के लोकांत पुन्हा अडथळा, औषधी स्टेंटमध्ये शून्य. मी तेव्हा या कामात नवा होतो. वरिष्ठांचा विश्वास बसत नव्हता. पुढच्या मोठ्या चाचण्यांत आकडा शून्य राहिला नाही, पण घट खरी होती.

तरी दुसरा प्रश्न उभा राहिलाच. सिरोलिमस स्नायूपेशीला अडवतं तसं अस्तराच्या पेशींनाही अडवतं. अस्तर उशिरा येतं, धातू उघडा राहतो, आणि वर्ष उलटून गेल्यावरही अचानक रक्ताची गुठळी होऊ शकते. २००६ साली बार्सिलोनातल्या परिषदेत यावर मोठी खळबळ झाली. त्यानंतर तारा पातळ झाल्या, लेप बदलले, धोका बराच कमी झाला. हात जोडून सांगतो, गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या दोन गोळ्या चालू असतील तर त्यातली कुठलीही आपल्या मनाने बंद करू नका. दात काढायचा असो की दुसरी शस्त्रक्रिया, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

निशिगंधा

कॅथलॅबकर, दुरुस्ती मान्य. 'शुद्ध स्वरूपातली वाढ' हे शब्द मी बाबांनाही वाचून दाखवले. गोळ्यांबद्दलही सांगितलं.

पण माझा दुसरा प्रश्न अजून उभाच आहे. विभागणी अडवण्यापेक्षा आतल्या सगळ्या स्नायूपेशी मारूनच टाकल्या तर?

अभंगधारा

हा प्रश्न फार नेमका आहे, आणि त्याचं उत्तर प्रयोगाने मिळालेलं आहे. मी याच विषयात संशोधन करते, म्हणून लांब लिहिते.

आधी एक भेद. स्टेंटमधली वाढ वेगळी आणि धमनीत आपोआप होणारी मेदाची गाठ, म्हणजे प्लाक, वेगळा. प्लाकच्या पोटात चरबी आणि मेलेल्या पेशींचा लगदा असतो आणि वर कोलॅजनचं झाकण. हे झाकण फाटलं की आतला लगदा रक्ताला भिडतो, गुठळी होते आणि झटका येतो. शवविच्छेदनातून असं दिसलं की फाटलेल्या झाकणाची जाडी बहुधा ६५ मायक्रॉनहून कमी असते. आता हे झाकण विणतं कोण? त्याच आत सरकलेल्या, रूप बदललेल्या स्नायूपेशी.

२००६ मध्ये मार्टिन बेनेट यांच्या गटाने उंदरांवर एक प्रयोग केला. घटसर्पाच्या विषाचा उंदरांवर फारसा परिणाम होत नाही, कारण ते पेशीत शिरायला लागणारी माणसाची कडी त्यांच्याकडे नसते. या गटाने ती कडी फक्त स्नायूपेशींवर बसवली आणि मग विष दिलं. मेल्या त्या फक्त स्नायूपेशी. निरोगी धमनीत निम्म्याहून जास्त पेशी गेल्या तरी धमनी फुगली नाही, फुटली नाही, गुठळीही झाली नाही. पण जिथे प्लाक होता तिथे चित्र पार वेगळं: झाकण पातळ, कोलॅजन कमी, लगदा वाढलेला, दाह भडकलेला. म्हणजे घातक प्लाकची सगळी लक्षणं एका पेशीच्या मरणातून उभी राहिली.

म्हणून 'मारून टाका' हे उत्तर नाही. तुमच्या बाबांच्या स्टेंटमध्ये या पेशी जास्त झाल्या हा त्रास. पण दुसऱ्या धमनीत एखादा प्लाक असेल तर त्यावर याच पेशींनी जाड झाकण घालावं अशी आपली इच्छा असेल. पेशी तीच, तिचं कामही तेच. मी या विषयात आले ती याच कोड्यामुळे.

कुतूहल_७

पण प्लाकमधला चरबीचा लगदा मॅक्रोफेजमुळे, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे, होतो ना? स्नायूपेशी फक्त झाकण विणतात आणि मॅक्रोफेज चरबी खाऊन फुगतात, असं मी वाचलं होतं.

अभंगधारा

बरीच वर्षं आम्हीही तसंच समजत होतो, आणि चूक पद्धतीत होती. पेशी ओळखायची कशी? स्नायूपेशीच्या प्रथिनाला रंग द्यायचा, मॅक्रोफेजच्या प्रथिनाला दुसरा. पण सूक्ष्मदर्शींनी वर लिहिलंय तसं, रूप बदललं की स्नायूपेशी नेमकं तेच प्रथिन बनवणं थांबवते. म्हणजे जिने कपडे बदलले तिला आम्ही गणवेशावरून शोधत होतो.

उपाय असा निघाला की पेशी अजून स्नायूपेशी असतानाच तिच्या जनुकांत कायमचा रंग टाकायचा. मग ती आणि तिची संतती पुढे कशीही दिसो, रंग जात नाही. गॅरी ओवेन्स यांच्या गटाने २०१५ मध्ये याच पद्धतीने दाखवलं की उंदरांच्या प्रौढ प्लाकमध्ये स्नायूपेशीपासून आलेल्या दर पाच पेशींपैकी चार प्रथिनाला रंग देण्याच्या जुन्या पद्धतीने ओळखूच येत नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणींवर मॅक्रोफेजच्या खुणा होत्या. माणसाच्या कॉरोनरी धमन्यांवरच्या २०१४ च्या एका अभ्यासात चरबीने फुगलेल्या पेशींपैकी सुमारे निम्म्या स्नायूपेशींपासून आलेल्या निघाल्या. म्हणजे झाकण विणणाऱ्या आणि लगद्यात भर घालणाऱ्या पेशींचं माहेर एकच.

ओवेन्स गटाने स्नायूपेशींतून केएलएफ-४ काढून टाकलं तेव्हा प्लाक लहान झाले आणि झाकणात पेशी वाढल्या. उलट टीसीएफ-२१ नावाचं जनुक असेल तर या पेशी तंतू विणणाऱ्या, झाकणाला बळ देणाऱ्या रूपाकडे जातात, हे थॉमस क्वर्टरमस यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं. मला यातून आशा वाटते ती ही: रूपबदल थांबवायचा नाही, त्याची दिशा बदलायची.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगते. १९७३ मध्ये अर्ल बेंडिट आणि जॉन बेंडिट यांनी एक विचित्र निरीक्षण नोंदवलं होतं. स्त्रियांच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र चालू असतं, म्हणून निरोगी धमनीचा तुकडा घेतला तर दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या सापडतात. पण प्लाकच्या तुकड्यांत बहुधा एकच प्रकार सापडला. म्हणजे सगळ्या पेशी एकीपासून आलेल्या. त्यांनी त्याची तुलना अर्बुदाशी केली आणि त्यावर खूप वाद झाला. चाळीसहून जास्त वर्षांनी अनेक रंग वापरून तोच प्रयोग उंदरांत झाला, आणि प्लाकमध्ये एकेका रंगाचे मोठे पट्टे दिसले. मधल्या थरातल्या हजारो पेशींपैकी अगदी मोजक्याच पुढे येतात आणि त्यांचाच गोतावळा होतो. त्या मोजक्याच का, हे शोधायला आमचे कितीतरी सहकारी आज राबताहेत.

सागरवेल

माझं डायलिसिस चालू आहे. हातातला फिस्टुला दोनदा अरुंद झाला, दोन्ही वेळा फुग्याने उघडला. हीच गोष्ट का? आणि धमनीत कॅल्शियम साठलंय असंही रिपोर्टमध्ये आहे, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

अभंगधारा

सागरवेल, दोन्हींचा संबंध आहे. फिस्टुलात नीला थेट धमनीला जोडतात. जिने आयुष्यभर कमी दाब सोसला तिच्यात एकदम धमनीचा दाब आणि वेगवान, खळाळता प्रवाह येतो. तिच्या भिंतीतल्या स्नायूपेशी याला इजाच समजतात आणि आत वाढतात. बायपासमध्ये पायातली नीला वापरतात तिथेही हेच घडतं. दहा वर्षांत अशा जवळपास निम्म्या नीला बंद पडतात, तर छातीतली धमनी वापरली तर दहातल्या नऊ चालू राहतात.

कॅल्शियमचं म्हणाल तर ते भिंतीत नुसतं गाळासारखं बसत नाही. रक्तात फॉस्फेट वाढलं की काही स्नायूपेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात, हाडाच्या पेशींतलं रंक्स-२ हे जनुक चालू करतात. एरवी त्या स्वतःच एमजीपी नावाचं प्रथिन बनवून हे रोखतात. १९९७ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या धमन्या दोन महिन्यांत हाडासारख्या कडक होऊन ते दगावले. म्हणूनच तुमचे डॉक्टर फॉस्फेट कमी ठेवणाऱ्या गोळ्यांबद्दल आणि पथ्याबद्दल इतका आग्रह धरतात. फिस्टुलाची थरथर रोज हाताने तपासत जा. कमी वाटली तर लगेच कळवा, पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नका.

सागरवेल

थरथर रोज बघते. ती का बघायची हे आज कळलं. मनापासून आभार.

मुक्तछंद

धाग्यात उंदरांचे प्रयोग खूप आले. उंदरात जमलं ते माणसात जमतंच असं नाही ना?

सूक्ष्मदर्शी

नाहीच, आणि याचं सर्वांत बोचणारं उदाहरण याच विषयातलं आहे. सिलाझाप्रिल हे रक्तदाबाचं औषध उंदरांच्या फुगा-इजेनंतर दिलं तर आतली वाढ खूप कमी होते असं १९८९ मध्ये दिसलं. मोठी आशा निर्माण झाली. तेच माणसांत अँजिओप्लास्टीनंतर देऊन पाहिलं, १९९२ मध्ये निकाल आला, आणि काहीही फरक नव्हता. नीलेच्या बायपासमध्ये पेशींची विभागणी बंद करणारं एडिफोलिगाइडही असंच. तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत २००५ मध्ये ते निष्फळ ठरलं.

कारणं अनेक. उंदराची धमनी आधी निरोगी असते, माणसाची आधीच रोगट. माणसाच्या कॉरोनरी धमनीत आतल्या बाजूला लहानपणापासूनच थोड्या स्नायूपेशी असतात, उंदरात नसतात. आणि वर कॅथलॅबकरांनी सांगितलेलं आक्रसणं उंदराच्या त्या प्रयोगात मोजलंच जात नव्हतं. म्हणून 'उंदरात दिसलं' आणि 'माणसात सिद्ध झालं' यांची भेसळ करू नये. या धाग्यातही अभंगधारा यांनी दोन्ही वेगळं सांगितलंय ते बरं झालं.

इवलीशी_पावलं

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. धागा पहिल्यापासून वाचतेय आणि एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुम्ही सगळे ज्याला रोग म्हणताय तेच काम आमच्याकडे झालं नाही तर बाळ संकटात येतं.

गर्भात बाळाची फुप्फुसं काम करत नाहीत, म्हणून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतलं रक्त एका छोट्या वाहिनीतून परस्पर महाधमनीत जातं. जन्मानंतर ही वाहिनी बंद व्हायला हवी. तिची तयारी जन्माच्या कितीतरी आधी सुरू होते. शेवटच्या महिन्यांत तिच्या भिंतीतल्या स्नायूपेशी आत सरकतात आणि आतून उशा तयार करतात. अगदी तुम्ही वर वर्णन केलंय तसंच: पापुद्र्यातून सरकणं, भोवती द्रव्य ओतणं. जन्मल्यावर पहिल्या श्वासांनी रक्तातला प्राणवायू वाढतो, स्नायू घट्ट आखडतो, उशा एकमेकींना टेकतात आणि एक-दोन दिवसांत वाहिनी बंद. पुढच्या काही आठवड्यांत ती कायमची बुजते. फार लवकर जन्मलेल्या बाळात उशा झालेल्याच नसतात. मग वाहिनी उघडी राहते, फुप्फुसात रक्त तुंबतं, आणि आम्हाला औषध देऊन ती बंद करायचा प्रयत्न करावा लागतो.

निशिगंधाताई, 'थांबायचं कधी हे कळलं कसं नाही' हे तुमचं वाक्य वाचून मला त्या उशा आठवल्या. तिथे पूर्ण बंद होईपर्यंत थांबायचंच नसतं.

अभंगधारा

इवलीशी_पावलं, हे माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. या पेशी ही क्षमता का राखून ठेवतात असं कोणी विचारलं की मी जखम भरण्याचंच उदाहरण देत आले. जन्माचं उदाहरण जास्त पटणारं आहे.

निशिगंधा

काल बाबांची पुन्हा प्रक्रिया झाली. स्टेंटच्या आत दुसरा स्टेंट न घालता औषधाचा लेप असलेला फुगा वापरला. थोडा वेळ फुगवून औषध भिंतीला लावलं आणि फुगा काढून घेतला. आत नवा धातू राहिला नाही. बाबा बरे आहेत, आज वॉर्डात थोडे चालले.

प्रक्रियेच्या आधी धमनीच्या आतून प्रकाशाने घेतलेलं चित्र, ओसीटी, डॉक्टरांनी मला दाखवलं. काळ्या पोकळीभोवती करड्या रंगाचं एकसारखं जाड कडं, आणि त्या कड्याच्या बाहेरच्या अंगाला तारांचे चमकते ठिपके. तारा पार आत गाडल्या गेल्या होत्या. इतके दिवस जे शब्दांत वाचत होते ते समोर होतं. कॅथलॅबकर, एक शेवटचं विचारते: सहा महिन्यांनी असंच चित्र काढलं तर अस्तर परत आलंय की नाही हे त्यात दिसेल का?

कॅथलॅबकर

बाबा चालले हे वाचून बरं वाटलं.

तारांवर ऊतक चढलंय की नाही हे दिसेल. ओसीटीला साधारण १० ते २० मायक्रॉनपर्यंतचं बारीक दिसतं, आणि उघडी तार व झाकलेली तार यांतला फरक त्यात छान कळतो. पण वरचा थर खऱ्या अस्तराचा आहे की नुसता गुठळीच्या तंतूंचा, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. अस्तर एका पेशीइतकंच जाड असतं, तेवढं बारीक त्याला दिसत नाही. म्हणून चित्र चांगलं आलं तरी गोळ्या किती दिवस हे डॉक्टर चित्रावरून एकट्याने ठरवत नाहीत. स्टेंट कुठला, मधुमेह आहे का, रक्तस्रावाचा धोका किती, हे सगळं धरून ठरवतात. पुढच्या भेटीला जाल तेव्हा हे तिन्ही विचारून तारीख लिहून घ्या.